चुआ हुओंग: हनोईहून होडीने एका दिवसात, आई-वडिलांना घेऊन

प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये हनोईत चार दिवस मुक्काम आहे. सोबत आई-वडील आहेत, वडील 68 वर्षांचे आणि त्यांचे गुडघे दुखतात. घरातले सगळे शाकाहारी. ‘परफ्यूम पॅगोडा’ची होडीची एक दिवसाची सहल झेपेल का, स्वतः करायची तर कशी करायची, आणि रोपवे घ्यावा का?

झेपेल. फक्त एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. या दिवसाचं घड्याळ होडीच्या हातात असतं. रोपवे पाच-सात मिनिटांत वर नेतो, गाडीही थोडी दामटता येते. पण येन ओढ्याचं चार किलोमीटर पाणी वल्ह्यानेच कापायचं असतं, जाताना पाऊण ते एक तास आणि येताना तेवढाच. हे दीड-दोन तास कोणीही कमी करून देऊ शकत नाही. म्हणून सकाळी उशीर झाला की तो उशीर शेवटी डोंगरावरच्या मुख्य गुहेच्या वाट्याला येतो. ‘एवढं काही खास नव्हतं’ म्हणत परतणाऱ्यांनी बहुतेक वेळा गुहेत वीस मिनिटंच काढलेली असतात. खरं तीर्थ तर ती गुहाच आहे. दिवस आखताना आधी गुहेचा सव्वा तास बाजूला काढा आणि मग बाकीचं बसवा.

आधी ठिकाण नीट ओळखा, कारण नकाशावरची चूक इथे महागात पडते. व्हिएतनामी नाव ‘चुआ हुओंग’. चुआ म्हणजे बौद्ध मंदिर, हुओंग म्हणजे सुगंध. हे एक मंदिर नाही. हुओंग सन नावाच्या चुनखडकाच्या डोंगररांगेत मंदिरं, देवळं आणि गुहा विखुरल्या आहेत, त्या सगळ्यांना मिळून हे नाव आहे. हनोईच्या मध्यापासून नैर्ऋत्येला साधारण 60 ते 65 किलोमीटर. मुख्य गुहेचं नाव ‘हुओंग तिक’. पण ह्याच नावाचं दुसरं जुनं मंदिर दक्षिणेला हा तिन्ह प्रांतात, हनोईपासून तीनशेहून जास्त किलोमीटरवर आहे. ॲपमध्ये नुसतं ‘हुओंग तिक पॅगोडा’ टाकून गाडी ठरवू नका. ‘हुओंग सन, हनोई’ असं टाका किंवा थेट ‘बेन येन’ म्हणजे येन ओढ्याचा धक्का शोधा. तसंच निन्ह बिन्हजवळच्या ताम कोकशीही याची गल्लत होते. पायाने वल्हवणाऱ्या होड्यांचे फोटो पाहिले असतील तर ते ताम कोकचे. इथे नावाडी, आणि त्या बहुतेक बायकाच असतात, हाताने वल्ही लोटतात.

आता मार्चबद्दल. इथला उत्सव चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या सहाव्या दिवशी सुरू होतो आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत चालतो. आपल्या हिशोबाने साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल अखेरपर्यंत, एखाद्या वर्षी मेच्या सुरुवातीपर्यंतही. म्हणजे तुम्ही उत्सवातच पोहोचणार. त्यात काही वाईट नाही, पण दिवस निवडून जा. शनिवार-रविवार टाळा. व्हिएतनामी पंचांगातली पहिली आणि पंधरावी तिथी टाळा. ती साधारण आपली अमावास्या आणि पौर्णिमाच असते, म्हणून कालनिर्णय उघडून बघितलं तरी काम भागतं, फार तर एका दिवसाचा फरक पडेल. दुसऱ्या चांद्र महिन्याची एकोणिसावी तिथी हा ‘क्वान आम’ या करुणेच्या बोधिसत्त्वाचा जन्मदिवस. त्याच्या आगेमागे चार-पाच दिवस डोंगर माणसांनी भरून वाहतो. मंगळवार ते गुरुवारमधला साधा दिवस मिळाला तर उत्सवाचा थाटही दिसतो आणि श्वासही घेता येतो.

मार्चचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे पाऊस. तो आपल्यासारखा कोसळत नाही. पिठासारखी बारीक भुरभुर दिवसभर हवेत तरंगत राहते. अंग फारसं भिजत नाही, पण दगडी पायऱ्यांवर चिखलाचा पातळ थर बसतो आणि शेकडो पायांनी गुळगुळीत झालेला चुनखडक साबणासारखा होतो. त्यामुळे चपला-सँडल नकोत, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घाला. होडीत छत्री उघडू नका. ती वारा धरते आणि मागे बसलेल्या नावाडीबाईला पुढचं दिसत नाही. डोक्यावरून घालायचा प्लास्टिकचा रेनकोट घ्या. हवा साधारण 17 ते 23 अंश असते, तरी पाण्यावर सकाळी गार लागतं. आईसाठी शाल किंवा स्वेटर लागेलच.

याच महिन्यात ओढ्याच्या काठाने काटेसावर फुललेली असते. आपलीच सावर, तोच निष्पर्ण उभा सांगाडा आणि तीच मांसल लाल फुलं. मागे निळसर राखाडी डोंगर आणि फुलं टपाटप पाण्यात पडून तरंगत जाणारी. तिथे तिला ‘होआ गाओ’ म्हणतात, शब्दशः तांदळाचं फूल. हा ‘गाओ’ शब्द लक्षात ठेवा, गुहेत पुन्हा लागणार आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांना याच ओढ्यात जांभळट गुलाबी कमळिणी दिसतात आणि गर्दी जवळपास नसते. पण तेव्हा पायवाटेवरची बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे खाणं-पाणी सोबत न्यावं लागतं.

जायचं कसं? आई-वडील सोबत असतील तर माझं स्पष्ट मत आहे की चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवा आणि साडेसहाला निघा. दीड ते दोन तासांत पोहोचता. ॲपवरची टॅक्सी जाताना सहज मिळते, पण परतीला त्या गावातून मिळेलच असं नाही. म्हणून एकेरी भाडं ठरवू नका. तरुण मंडळींना बस चालते. ‘मी दिन्ह’ (My Dinh) नावाच्या बसस्थानकावरून 103 क्रमांकाची, किंवा येन न्गिआ स्थानकावरून 75 क्रमांकाची बस हुओंग सनला जाते. येन न्गिआपर्यंत कात लिन्हहून मेट्रो आहे, त्यामुळे शहरातली सकाळची कोंडी चुकते. बस स्वस्त पडते, पण थांबत-थांबत जाते आणि उतरल्यावर धक्क्यापर्यंतची सोय पुन्हा करावी लागते.

पॅकेजची सहल घेणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. हॉटेलवरून किती वाजता उचलणार? प्रवेश आणि होडी धरली आहे का? रोपवे धरला आहे का? रोपवे बहुतेक वेळा धरलेला नसतो. उचलायची वेळ आठ-साडेआठ सांगत असतील तर धक्क्यावर साडेदहा होणार, गुहेत एक वाजणार, आणि मार्गदर्शक परतीची घाई करत उभा राहणार.

पैशांचा हिशोब. अलीकडे प्रवेश 1,20,000 डोंग आणि जाता-येता होडी 85,000 डोंग, दोन्ही माणशी. रोपवे जाता-येता सुमारे सव्वादोन ते अडीच लाख डोंगच्या घरात, एकेरी त्यापेक्षा कमी. गाडीतळापासून धक्क्यापर्यंत विजेवर चालणारी छोटी गाडी असते, तिचे वीसेक हजार वेगळे. लाख डोंग म्हणजे साधारण साडेतीनशे रुपयांच्या आतबाहेर. टिप आणि जेवण धरून माणशी सहा-साडेसहा लाख डोंग रोख जवळ ठेवा. दर बदलतात, तेव्हा खिडकीवरचा फलक अंतिम समजा. एक सापळा मात्र खरा आहे. 20,000 ची आणि 5,00,000 ची नोट दोन्ही निळसर असतात. ओल्या हातांनी, घाईत, होडीत उभं राहून पैसे देताना पाच लाखांची नोट वीस हजारांची समजून दिली जाते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि हॉटेलमधून निघण्याआधीच 10, 20 आणि 50 हजारांचे सुट्टे करून घ्या.

गावाजवळ आलं की मोटारसायकलवरची माणसं गाडीला समांतर येऊन थांबायची खूण करतील आणि ‘तिकिटं आमच्याकडे, होडी आमच्याकडे’ म्हणतील. काच खाली करू नका, थेट अधिकृत तिकीटखिडकीवर जा. प्रवेश आणि होडी दोन्हीची तिकिटं तिथेच मिळतात आणि ती शेवटपर्यंत जपून ठेवायची असतात. होडीवर बसण्याआधी शौचालयाला जाऊन या. पुढची चांगली सोय एकदम थिएन त्रूच्या, म्हणजे होडीचा प्रवास संपतो त्या धक्क्यावर आहे.

होडी पत्र्याची, सपाट बुडाची आणि पाण्यालगत बसणारी असते. चढताना एका वेळी एकानेच चढायचं आणि पाऊल मधोमध टाकायचं. काठावर पाय दिला की होडी कलंडल्यासारखी होते, आणि नेमकं तेव्हाच मागचा माणूस घाबरून उडी मारतो. वडिलांना आधी बसवा, नावाडीबाईच्या जवळच्या फळीवर. फळी ठेंगणी असते आणि पाठीला टेका नसतो. गुडघे दुखणाऱ्याला चालण्यापेक्षा ह्या तासाभराच्या बैठकीचाच त्रास जास्त होतो, कारण गुडघे दुमडलेलेच राहतात आणि मग उतरताना उलगडत नाहीत. उपाय साधा आहे. हवा भरायची उशी न्या, ती बुडाखाली घेतली की बैठक चार-पाच इंच वर येते. पाय पुढे लांब करता येतील अशी जागा मिळवा, आणि चारच्या जागी तिघेच बसलात तर उत्तम. जीवरक्षक जॅकेट मिळतं, ते अंगात घालायचं असतं. बरेच जण ते बसायला घेतात. तुम्ही तसं करू नका.

होडी सुटण्याआधी आणखी एक काम करा. होडीचा क्रमांक आणि नावाडीबाईचा चेहरा दिसेल असा फोटो तिची परवानगी घेऊन काढा, आणि मोबाइलवर परतीची वेळ टाइप करून तिला दाखवा. तीच होडी, तीच बाई तुम्हाला परत आणते. दुसऱ्या होडीत बसता येत नाही. उत्सवात धक्क्यावर शेकडो एकसारख्या होड्या लागलेल्या असतात, तेव्हा क्रमांक नसेल तर अर्धा तास शोधण्यात जातो.

होडी सुटली की थोड्याच अंतरावर पहिला थांबा येतो, देन त्रिन्ह. ‘त्रिन्ह’ म्हणजे हजेरी लावणं, वर्दी देणं. हे बुद्धमंदिर नाही, डोंगराच्या रक्षक देवतेचं ठाणं आहे. आधी तिला सांगायचं की आम्ही आलो आहोत, मग पुढे जायचं. गावच्या वेशीवरच्या देवाला नारळ ठेवून पुढे जाणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पंधरा मिनिटं पुरतात. वेळ वाचवायला काही सहली हा थांबा गाळतात, पण गाळू नका. यात्रेचा क्रमच असा आहे: आधी वर्दी, मग थिएन त्रू, मग गुहा.

पुढचा टप्पा शांत असतो. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि पाण्यातून सरळ उठलेले चुनखडकाचे सुळके, आणि त्यांना लोकांनी दिलेली नावं. एकाला चिकट भाताच्या ताटाचं नाव आहे, आणि तो दिसतोही ताटात त्या भाताची मूद पालथी घातल्यासारखा. एक डोंगर हत्तीचा. दंतकथा सांगते की सगळे हत्ती गुहेकडे तोंड करून नमले, एकाने मात्र पाठ फिरवली, म्हणून त्याच्या पुठ्ठ्यावर घाव बसला. कडा तुटलेली जागा नावाडीबाई बोट करून दाखवतात.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगायला हवी. बऱ्याच नावाडी वाटेतच किंवा परतीच्या अर्ध्या पाण्यात टिप मागतात, कधी थोडं जोर देऊन. तिकिटाच्या पैशातून त्यांच्या हाती येणारा वाटा लहान असतो आणि कमाईचे महिने तीन-चारच. त्यामुळे टिप द्यावी हे माझं मत आहे. पण ती परत धक्क्याला लागल्यावर द्यायची आणि पूर्ण होडीची मिळून एकदाच. लहान होडीला एक ते दीड लाख डोंग सन्मानाचे आहेत. मध्येच मागितली तर हसून ‘बेन येन’ म्हणा आणि धक्क्याच्या दिशेने हात करा.

थिएन त्रूच्या धक्क्याला उतरलात की खाणावळींची गल्ली लागते. तिच्यातून सरळ पुढे चला, जेवण नंतर. इथल्या थिएन त्रू मंदिराच्या नावाचा अर्थ ‘स्वर्गातलं स्वयंपाकघर’, हे एका तारकेचं नाव आहे. परंपरा सांगते की 15व्या शतकात राजा ले थान्ह तोंगने इथे सैन्याचा तळ टाकला होता. जुनी वास्तू 1947 मध्ये फ्रेंच सैन्याने जाळली. आज दिसतं ते मुख्य मंदिर 1989 नंतर पुन्हा उभं राहिलं. ते बघायला अर्धा तास लागतो, पण मी ते परतीला ठेवतो, कारण सकाळचा रोपवे रिकामा असतो आणि गुहाही.

रोपवे की पायवाट, हा तुमचा खरा प्रश्न. पायवाट साधारण दोन किलोमीटरची, दगडी पायऱ्यांची, सलग चढाची. तब्येत चांगली असलेल्याला तास ते सव्वा तास लागतो. रोपवे 2006 पासून आहे, लांबी सुमारे 1.2 किलोमीटर, मध्ये झाय ओआन मंदिराजवळ एक थांबा. सहलीवाले सहसा ‘चढताना रोपवे, उतरताना पायी’ सुचवतात, कारण चढ टाळला की लोक खूश होतात. ओल्या महिन्यात मात्र मी याच्या उलट सांगेन. चढताना दम लागतो, पण पाय घसरत नाही. उतरताना दम लागत नाही, पण गुडघ्यावर भार येतो आणि घसरण्याचे जवळपास सगळे प्रकार उतरतानाच घडतात. म्हणून तुम्ही आणि बरोबरची तरुण मंडळी पायी चढा, उतरताना रोपवे घ्या. गर्दीच्या दिवशी दुपारी दोननंतर खाली यायच्या रांगेत तासभर जाऊ शकतो, म्हणून गुहेतून एकच्या आत बाहेर पडा.

आई-वडिलांसाठी रोपवे दोन्ही वेळा, यात विचार करायचं काही नाही. पण रोपवेने सगळा प्रश्न सुटतो असं समजू नका. वरच्या स्थानकावरून गुहेच्या तोंडापाशी आलात की सुमारे 120 पायऱ्या खाली उतरून गुहेत जावं लागतं, आणि परत येताना त्याच चढाव्या लागतात. त्या टाळायचा मार्ग नाही. पायऱ्या रुंद आहेत. कडेने चाला, एका हाताने आधार घ्या आणि दुसऱ्या हातात काठी. गुडघा जास्त दुखत असेल तर तिरकं होऊन, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरा. दहा-बारा मिनिटं लागली तरी लागू द्या. वडिलांना हे झेपणार नाही असं वाटलं, तरी वरपर्यंत जरूर न्या. वरच्या कठड्यावरून गुहेचं पूर्ण तोंड दिसतं आणि धुपाचा वास वर येतो. तिथून हात जोडून परतणारे वृद्ध यात्रेकरूही असतात.

पायी चढणाऱ्यांना वाटेत झाय ओआन लागतं. नावाचा अर्थ खोटा आळ धुऊन निघणं, आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्याला तेवढ्यासाठीच मान आहे. वाटेत समोरून येणारे यात्रेकरू तुम्हाला ‘नाम मो आ दी दा फात’ म्हणतील. नीट ऐकलंत तर ते ‘नमो अमिताभ बुद्ध’ आहे. ‘नाम मो’ म्हणजे आपलंच ‘नमो’. उत्तर तेच शब्द परत म्हणून द्यायचं. वारीत अनोळखी माणूसही ‘माउली’ म्हणून हाक मारतो, तसाच हा जिव्हाळा आहे. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताचा तळवा छातीशी धरून सत्तरीतल्या आज्या हे शब्द म्हणत चढतात, तेव्हा आपली धाप आपोआप कमी होते.

आता गुहा. वरून पायऱ्या उतरताना तिचं तोंड जबडा उघडलेल्या अजगरासारखं दिसतं, तिथले लोक त्याला ड्रॅगन म्हणतात. मध्यभागी उभा असलेला खडक ही त्याची जीभ. कड्यावर पाच चिनी अक्षरं कोरलेली आहेत, अर्थ ‘दक्षिणेच्या आभाळाखालची पहिली गुहा’. ती 1770 मध्ये त्रिन्ह साम या अधिपतीने कोरवली. आत शिरल्यावर पाच मिनिटं काही न करता उभं राहा. डोळे अंधाराला सरावल्यावरच गुहा दिसायला लागते. मधल्या त्या खडकाचं नाव ‘दुन गाओ’, म्हणजे तांदळाची रास. ओढ्यावरच्या सावरीच्या नावातला तोच गाओ. इतर लवणस्तंभांनाही असंच घरगुती मागणं जोडलेलं आहे. सोन्याचं झाड, चांदीचं झाड, रेशमाच्या किड्यांची खोली, कोशांची परडी. मूल हवं असलेले ‘मुलीचा डोंगर’ आणि ‘मुलाचा डोंगर’ अशा दोन खडकांपाशी जातात. ‘आईचं दूध’ म्हणतात त्या स्तंभाखाली लोक ओंजळ करून थेंबाची वाट बघत उभे असतात. धान्य, रेशीम, धन, लेकरू. शेतकऱ्याच्या संसाराला जे जे लागतं ते सगळं या दगडात कोणीतरी शोधून ठेवलं आहे.

थेंब ओंजळीत घ्या, पण दगडाला हात लावू नका, नोटा तर मुळीच घासू नका. हे स्तंभ पाण्यातला चुना थराथराने साचून वाढतात. हाताचं तेल लागलं की पाणी पृष्ठभागाला धरत नाही आणि तिथली वाढ थांबते. लोकांच्या हातांनी काळेभोर आणि चकचकीत झालेले भाग तुम्हाला दिसतीलच. उत्सवात आत धूर खूप साचतो. दमा असणाऱ्याने मास्क लावावा आणि वेदीपासून थोडं लांब, तोंडाच्या बाजूला थांबावं.

वेदीवरच्या मूर्तींमध्ये हिरवट निळ्या दगडाची ‘क्वान आम’ची मूर्ती शोधा. ती 1793 ची, तै सन राजवटीतली. आपल्याकडचे लोक इथे हमखास विचारतात, की ही देवी कोण, बुद्ध कुठे? क्वान आम म्हणजे अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. चीनमध्ये आणि पुढे व्हिएतनाममध्ये त्याला स्त्रीरूप मिळालं. इथली कथा अशी की राजाची तिसरी मुलगी दिएऊ थिएन लग्न नाकारून निघाली, या गुहेत नऊ वर्षं साधना केली आणि क्वान आम झाली. मराठी माणसाला ही ओळख तशी घरचीच आहे. औरंगाबादच्या 7 क्रमांकाच्या लेण्यात आणि कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर आठ संकटांतून भक्तांना सोडवताना कोरला आहे, आणि त्यातलं एक संकट बुडणारी नाव आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या काळातल्या व्यापाऱ्यांनी ज्याचा धावा केला, त्याच्याच दर्शनाला तुम्ही होडीने आलेले असता. जमलं तर निघण्याआधी ते शिल्प एकदा पाहून जा, म्हणजे ही मूर्ती परकी वाटणार नाही.

दर्शनाचे नियम साधे आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मंदिरात उजव्या दाराने शिरायचं, डाव्याने बाहेर पडायचं, मधलं दार सोडायचं. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. उदबत्ती एक किंवा तीन, सम संख्येत नाही. नोट मूर्तीच्या हातात खोचू नका, दानपेटीत टाका. फुलं-फळं-मिठाईचं ताट चालतं. त्रिशरण म्हणायचं असेल तर हळू आवाजात खुशाल म्हणा, कोणी अडवत नाही. ‘बुद्धं’ आणि ‘नमो’ ऐकून शेजारचे लोक वळून हात जोडतात.

जेवण खाली थिएन त्रूला. इथला उपयोगी शब्द ‘चाय’, म्हणजे शाकाहारी, चहाशी संबंध नाही. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी आहे. पण साध्या खाणावळीत एवढ्यावर भागत नाही, कारण भाजीतही माशाचा सॉस पडतो. ‘खोंग नुओक माम’, म्हणजे तो सॉस नको, हे वेगळं सांगा. उच्चारांवर भरवसा नको, व्हिएतनामी लिपीतलं वाक्य मोबाइलवर तयार ठेवा. भात, टोफू, शेंगदाणा-तिळाचं मीठ आणि नाळीची भाजी कुठेही मिळते. व्हिएतनामी बौद्धांच्या कडक ‘चाय’मध्ये कांदा-लसूणही नसतो, पण कंद चालतात. त्यामुळे जैन मंडळींनी ‘कू माय’ विचारून टाळावा. तो आपल्या कोनफळाच्या कुळातला रानकंद आहे, त्याची गोड खीर इथली खासियत. वसंतात ‘राऊ सांग’ नावाच्या रानभाजीचं सूप मिळतं, महाग असतं पण चव लक्षात राहते. इथल्या आंबट जर्दाळूचं सरबत दमलेल्या माणसाला फार बरं वाटतं. उत्सवात काही खाणावळींच्या दारात प्राण्यांची धडं टांगलेली दिसू शकतात. आईला त्याचा त्रास होणार असेल तर हनोईहून थेपले, दशम्या नेऊन मंदिराच्या आवाराबाहेर बसून खा.

वेळा अशा बसतात. साडेसहाला निघणं, साडेआठला गाडीतळ, नऊला होडी, सव्वादहाच्या आत थिएन त्रू. रोपवेने जाणारे अकराच्या आधी गुहेपाशी, पायी चढणारे साडेअकरापर्यंत. वडिलांना गुहेच्या तोंडाशी बसायला जागा मिळते, तिथेच तुमची वाट बघू देत. पाऊण वाजता गुहेतून बाहेर, दीडला जेवण, सव्वादोनला थिएन त्रूचं मंदिर, तीनला परतीची होडी. चारला धक्का, सहाच्या सुमारास हनोईची वेस. तिथे मात्र संध्याकाळची कोंडी भेटते, म्हणून त्या रात्रीचं विमान किंवा रेल्वे ठेवू नका.

जोराचा पाऊस लागला तर ओढ्याचं पाणी चढतं आणि होड्या थांबवतात. मार्चमध्ये हे क्वचित होतं, जुलै ते सप्टेंबरमध्ये मात्र खरी शक्यता असते. म्हणून चार दिवसांतला दुसरा दिवस यासाठी ठेवा, म्हणजे हुकला तर तिसरा हातात राहतो. आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्यांना व्हिएतनामीत फोन करून विचारायला सांगा, की होड्या आणि रोपवे दोन्ही चालू आहेत का. रोपवे देखभालीसाठी बंद असेल तर वडिलांच्या बाबतीत बेत एक दिवस पुढे ढकला. आणि तुम्ही बसनेच जायचं ठरवलंत, तर शेवटची परतीची बस किती वाजता ते सकाळी उतरल्या-उतरल्या चालकाकडून कागदावर लिहून घ्या. तिच्या आधी तासभर धक्क्यावर परत पोहोचाल अशी वेळ नावाडीबाईला सांगा.